बाजू पॅलेस्टिनींची, हमासची नव्हे: मुद्दा कसा मांडावा?

प्रश्न: वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहतींविरुद्ध बोललं की लगेच ‘हमासवाले’ असा शिक्का बसतो. युक्तिवाद कशावर उभा करावा?

उत्तर १: १९४९च्या चौथ्या जिनिव्हा करारावर, म्हणजे युद्धकाळात सामान्य नागरिकांना संरक्षण देणाऱ्या करारावर. कलम ४९नुसार व्यापलेल्या प्रदेशात आपले नागरिक वसवता येत नाहीत. त्याच कराराचं कलम ३४ ओलीस धरायला मनाई करतं. दोन्ही कलमं एका दमात सांगा, शिक्का मारणाऱ्याची निम्मी हवा तिथेच जाते.

उत्तर २: धर्माच्या दाव्यात शिरलात की फसलात. हमासची १९८८ची सनद पॅलेस्टाइनला वक्फ, म्हणजे इस्लामी धर्मादाय भूमी ठरवते, तर वसाहतींचे कट्टर ज्यू समर्थक देवाने दिलेली भूमी म्हणतात. दोघांनाही कायदा नकोच असतो!

उत्तर ३: आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं १९ जुलै २०२४चं मतही जोडा: व्यापलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशावरचा इस्रायलचा ताबा बेकायदा. फक्त त्याला ‘निकाल’ म्हणू नका. ते सल्लागारी मत आहे, आणि समोरचा नेमकं तेवढंच धरून बसतो.