शब्दचर्चा : ठोकळ्याचं पृष्ठ आणि कागदाचं पृष्ठ

शाईदौत

मंडळी, एका शब्दापाशी दोन दिवस अडकून पडले आहे.

गणित शिकवणाऱ्या काही मैत्रिणींसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. लाटेकमध्ये (आज्ञा लिहून अक्षरजुळणी करायच्या संगणकप्रणालीत) प्रश्नपत्रिका करताना टिक्झ ही त्यातली चित्रांची जोड वापरून घन, चिती (प्रिझम), सूची (पिरॅमिड), शंकू यांची चित्रं कशी काढायची, हा विषय. टिक्झमध्ये माऊसनं चित्र काढत नाहीत, आज्ञा लिहून काढतात. नावातच ते सांगितलंय : 'टिक्झ इस्ट काइन त्साइखेनप्रोग्राम', म्हणजे टिक्झ हा चित्र काढायचा प्रोग्राम नव्हे. टिल टांटाउ या जर्मन संगणकशास्त्रज्ञानं तो लिहिला.

अडचण अशी. टिक्झला पुढे काय, मागे काय हे आपण होऊन कळत नाही. बिंदूचे तीन निर्देशक दिले तर तो ते निमूट सपाट कागदावर उतरवतो. वेगळं काही सांगितलं नसेल तर तिसरा अक्ष डावीकडे खाली ४५ अंशांत येतो आणि त्यावरचा एक एकक साधारण साडेपाच मिलिमीटरचा भरतो. बाकीचे दोन अक्ष एकेक सेंटिमीटरचे. जे नंतर रंगवाल ते आधीच्यावर बसतं. म्हणून मागचं आधी, पुढचं नंतर, हा पहिला नियम. मी लिहिलं :

'पृष्ठावर प्रथम मागील पृष्ठ काढा, त्यानंतर पुढील पृष्ठ.'

मैत्रिणीनं वाचून विचारलं, "मागच्या पानावर जायचं का?"

चूक तिची नाही. 'मागील पृष्ठ' आणि 'पुढील पृष्ठ' म्हटल्यावर कोणीही पान उलटेल. अक्षरजुळणीच्या विषयात कागदाचं पृष्ठ टाळता येत नाही आणि घनाकृतीच्या विषयात ठोकळ्याचं. यातल्या ठोकळ्याच्या पृष्ठाला दुसरं काय म्हणावं?

त्रिज्या

ठोकळ्याचं पृष्ठ राहू द्या, कागदाला 'पान' म्हणा. पृष्ठे, कडा, शिरोबिंदू ही त्रयी मुलांच्या तोंडात बसलेली आहे. घनाला ६ पृष्ठे, ८ शिरोबिंदू, १२ कडा, आणि ऑयलरच्या सूत्रानं ६ + ८ = १२ + २. शिवाय पृष्ठफळ आहेच. एक शब्द हलवलात तर मागची ओळच्या ओळ हलेल.

शाईदौत

त्रिज्याताई, 'पान' करून पाहिलं. पण पृष्ठक्रमांक, पृष्ठरचना, मुखपृष्ठ यांचं काय? प्रश्नपत्रिकेवर 'पृष्ठ २ पहा' असं छापावं लागतं आणि त्याच प्रश्नात 'घनाचे पृष्ठ रंगवा' असतं.

खिळेजुळारी

छापखान्यात उमेदीची वर्षं गेली म्हणून सांगतो. आम्ही 'पृष्ठ' कधी म्हणालो नाही. पान लावलं, पान सुटलं, सोळा पानी फर्मा. 'पृष्ठ' लेखकाच्या हस्तलिखितात असायचं, आमच्या तोंडी नाही. त्यामुळे त्रिज्याताईंशी सहमत. छापखान्याला पान पुरत होतं तर तुमच्या टिपणांना का पुरू नये?

आणखी एक. छपाईचा शिशाचा खिळा म्हणजे स्वतःच एक इवलीशी इष्टिकाचिती (विटेसारखा ठोकळा), जिच्या एका टोकाला उलटं अक्षर. ती हातात घेऊन फिरवली की कुठली बाजू कुठे हे बोटांना समजायचं. तुमच्या टिक्झला बोटं नाहीत, म्हणून हा सगळा खटाटोप.

रानजाई

मला एक सुचवायचं आहे : पैलू.

आमच्या आजोबांचं सराफी दुकान होतं. हिऱ्याला पैलू पाडतात, मण्याला पैलू असतात, आणि तो पैलू म्हणजे नेमकं तुम्हाला हवंय तेच : सपाट, कडांनी बांधलेला तुकडा. 'आधी मागचा पैलू काढा, मग पुढचा.' कोणी पान उलटणार नाही. शब्द नवा नाही, संस्कृत घडवायला बसायचं नाही, मुलांना ऐकून माहीत आहे.

अश्मक

पैलू फारसी 'पहलू'वरून आलेला. बोलीत असू द्या, परिभाषेत नको. आपल्याकडे 'फलक' सिद्ध आहे. रसायनशास्त्रात मिथेनच्या रेणूला चतुष्फलकीय म्हणतात. चतुष्फलक, अष्टफलक, द्वादशफलक अशी अख्खी मालिका एका शब्दावर उभी राहते. पैलूवरून काय उभं राहणार? अष्टपैलू?

रानजाई

हो, अष्टपैलू! तो शब्द आठ पैलूंच्या वस्तूवरूनच तर खेळाडूला लागला. मुलाला सांगा की दोन चौकोनी सूची तळाला तळ लावून जोडल्या की आठ पैलू होतात. त्याला आकार कळेल आणि शब्दाचं मूळही कळेल.

आणि अश्मक, वर्गात बाई फळ्यावर 'फलकावर फलक काढा' असं लिहितील तेव्हा? फळा हा शब्द 'फलक'वरूनच आला आहे. शाईदौतचं दुखणं होतं तसंच राहिलं, फक्त पृष्ठाच्या जागी फलक आला.

अश्मक

फळ्याला फळा म्हणतील, फलक कशाला म्हणतील? रेल्वे स्थानकावर फलक असतो, वर्गात फळा.

त्रिज्या

आमच्या शाळेत 'सूचनाफलक' आहे. मराठीतच आहे.

सुतारपक्षी

फारसी म्हणून पैलू नको, हा मुद्दा मला पटत नाही. त्रिकोणाची 'बाजू' कुठून आली? फारसी 'बाजू' म्हणजे हात, दंड. तो शब्द पाठ्यपुस्तकात पहिल्या धड्यापासून आहे आणि त्याला कोणी हात लावत नाही. संस्कृतात त्याच जागी 'भुज' आणि 'बाहु', म्हणजे तिथेही हातच. आणि 'बाहु' व 'बाजू' हे एकाच मुळातून निघालेले सख्खे चुलत शब्द आहेत. ज्याला आपण परका म्हणून दाराबाहेर ठेवतो तो कधी कधी घरातलाच निघतो.

अश्मक

सुतारपक्षी, बाजू रुळलेली आहे हे मान्य. रुळलेलं काढा असं मी म्हणत नाही. पण नवा शब्द निवडायची संधी असेल तेव्हा ज्यातून आणखी शब्द निघतील तो निवडावा, एवढंच. शुद्धीचा हट्ट म्हणून नव्हे, सोयीसाठी.

आणि जुन्यांनी ही सोय कशी पाहिली ते बघा. आर्यभटीयात (इ. स. ४९९) घनाला 'द्वादशाश्रि' म्हटलं आहे, म्हणजे बारा कडांचा. आणि त्रिकोणी तळाच्या सूचीला 'षडश्रि', सहा कडांची. ग्रीकांनी तिला चार तळांवरून नाव दिलं, आर्यभटानं सहा कडांवरून. म्हणजे पृष्ठाला, इंग्रजी 'फेस'ला, काय म्हणायचं हा प्रश्न त्याला पडलाच नाही, त्यानं कडा मोजल्या. आपला 'चौरस'सुद्धा 'चतुरस्र'वरून आला, तोही त्याच घरातला शब्द.

त्रिज्या

त्याच श्लोकात षडश्रीचं घनफळ चुकलं आहे हेही सांगायला हवं. तळाच्या क्षेत्रफळाला उंचीनं गुणून त्यानं निम्मं केलं, हवं होतं एक तृतीयांश. त्रिकोणाला निम्मं चालतं, म्हणून घनाकृतीलाही चालेल असं वाटलं असावं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) नियम बरोबर आहे : 'समखातफलत्र्यंशः सूचीखाते फलं भवति'. सरळ खड्ड्याच्या एक तृतीयांश, ते निमुळत्या खड्ड्याचं फळ. मी हे नववीच्या वर्गात नेहमी सांगते. मोठ्या माणसाची चूक ऐकली की मुलांचा धीर वाढतो.

गवंडीआळी

खड्ड्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचत होतो. 'इष्टिकाचिती' हा शब्द शाळेत असताना मला अगदी निर्जीव वाटायचा. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचून केलेला थर, हे कोणी सांगितलंच नाही. वडील बांधकामावर. वाळू ब्रासनं यायची, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रकच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची मोजून ते तोंडी हिशेब करायचे. ते रोज इष्टिकाचितीचं घनफळ काढत होते आणि मी घरी बसून ते सूत्र पाठ करत होतो.

पुढे लीलावतीतला चितिव्यवहार, म्हणजे विटांच्या रचनेचा भाग, वाचला. त्यात हाच हिशेब आहे : चितीचं घनफळ काढायचं, एका विटेच्या घनफळानं भागायचं, विटा किती लागतील ते मिळतं. 'चिता' हा शब्दही त्याच 'चि' धातूचा, रचणे. आणि यज्ञातली विटांची वेदी, श्येनचिती, तीही.

तेव्हा माझं मत : शब्द कुठलाही ठेवा, पण सोबत तो कुठून आला हे दोन ओळींत लिहा.

खिळेजुळारी

गवंडीआळी, हे वाचून बरं वाटलं. आम्ही पण 'रचणे' हाच शब्द वापरत असू, अक्षरं रचायची.

रानजाई

आणि 'शंकू'? शंकू म्हणजे मुळात खुंटी. सावली मोजायला उभी केलेली बारा अंगुळांची काठी, तोही शंकूच. मग निमुळत्या आकाराला तो शब्द खुंटीच्या टोकावरून आला असणार, असं माझं मत.

त्रिज्या

शंकूवरून आठवलं, शाईदौत, तुमच्या टिपणात हे जरूर घाला, कारण चुकीची चित्रं मी कित्येक प्रश्नपत्रिकांत पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो.

लोक तळाचं लंबवर्तुळ काढतात आणि शिरोबिंदूपासून त्याच्या डाव्या-उजव्या टोकांना दोन रेघा जोडतात. ते चूक आहे. तिथे रेघ लंबवर्तुळाला कापते, स्पर्श करत नाही, आणि दोन्हीकडे बारीकसा कोपरा टोचतो. शंकूला तिथे कोपरा नसतो. रेघ स्पर्शिका हवी आणि स्पर्शबिंदू टोकांच्या किंचित वर येतो. किती वर? लहान अर्धअक्षाचा (लंबवर्तुळाच्या मध्यापासून वरच्या टोकापर्यंतच्या अंतराचा) वर्ग भागिले उंची. समजा मोठा अर्धअक्ष २ सेंमी, लहान ०.६ सेंमी, उंची ३ सेंमी. ०.३६ भागिले ३, म्हणजे ०.१२ सेंमी वर. आडवं अंतर २ च्या ऐवजी १.९६.

दुसरी गोष्ट त्यातूनच येते. मागचा लपलेला कंस ० ते १८० अंश काढतात, तोही चूक. लपतो तो अर्ध्याहून कमी : या उदाहरणात ११.५ ते १६८.५ अंश. तेवढाच तुटक, बाकीचा पुढून सलग. वृत्तचितीला मात्र बरोबर अर्धा लपतो, कारण तिच्या उभ्या रेघा एकमेकींना समांतर असतात.

शाईदौत

त्रिज्याताई, आत्ता करून पाहिलं. माझ्या चित्रात तो कोपरा होता! इतके दिवस काहीतरी खटकत होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं. वाटायचं, रेघ जाड आहे म्हणून. मनापासून आभार.

घनाचंही सांगून ठेवते, कोणाला उपयोगी पडेल म्हणून. नेहमीच्या तिरक्या चित्रात आठांपैकी एकच शिरोबिंदू लपतो आणि त्याला मिळणाऱ्या तीन कडा तुटक. त्या तीन आधी काढायच्या, मग तीन दिसणारी... (इथेच पुन्हा अडले) ...तीन दिसणारी पृष्ठे, पैलू, फलक, जे काही असेल ते, थोडं पारदर्शक रंगवायचं, आणि शेवटी नऊ सलग कडा. रंग अपारदर्शक ठेवला तर तुटक रेघा त्याच्याखाली गडप होतात.

सुतारपक्षी

लाटेकमध्येच चित्रांसाठी पीएसट्रिक्स आहे, त्यात पीएसटी-सॉलिडेसथ्रीडी म्हणून जोड आहे, ती लपलेल्या कडा स्वतः ओळखते. असिम्प्टोट हा आज्ञांनी चित्रं काढायचा दुसरा प्रोग्रामही खोलीचा हिशेब स्वतः ठेवतो. हातानं कशाला ठरवायचं?

शाईदौत

सोय आहे खरी. पण हातानं ठरवताना बाईंना स्वतःला आकार डोळ्यांपुढे आणावा लागतो, आणि तेच मला हवंय. कुठली कड लपेल हे ज्यानं एकदा स्वतः ठरवलं तो ती वर्गातही नीट दाखवेल.

अश्मक

'कडा' लिहिताना जपा. कडचं अनेकवचन कडा, आणि सह्याद्रीचाही कडा. 'घनाचा कडा' असं उत्तरपत्रिकेत वाचलं आहे. 'अश्रि' घेतलात तर हा गोंधळ नाही.

रानजाई

अश्रि! मुलं अश्रू वाचतील हो.

गवंडीआळी

आमच्याकडे विटेची ती 'धार'. धार मोडलेली वीट दर्शनी भिंतीला लावत नाहीत.

खिळेजुळारी

'दर्शनी' हा शब्द कसा वाटतो? दर्शनी बाजू आणि आडची बाजू. पुढील-मागीलच गेले तर पृष्ठ राहिलं तरी कोणी पान उलटणार नाही.

त्रिज्या

पण तीन दर्शनी असतात. त्यातली वरची, उजवी, समोरची वेगळी कशी सांगणार? आणि 'बाजू' आम्ही त्रिकोणाला वापरतो. सूचीचा तळ त्रिकोण असेल तर बाजूची बाजू होईल.

शाईदौत

पहिला भाग उद्या मैत्रिणींना पाठवायचा आहे. सध्या कागदाला सगळीकडे पान केलं आहे, ठोकळ्याला पृष्ठ ठेवलं आहे आणि घनाच्या चित्राखाली 'पृष्ठ, म्हणजे हिऱ्याला असतो तसा पैलू' अशी ओळ घातली आहे. अश्मक, चतुष्फलक आला की फलकही सांगेन.

आता दुसऱ्या भागासाठी विचारते. टिक्झमध्ये 'डॅश्ड' आणि 'डॉटेड' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिलीला 'तुटक रेषा' लिहिलं. पण एका मैत्रिणीच्या शाळेत तुटक म्हणजे ठिपक्यांची, आणि ही 'खंडित'. तुमच्याकडे काय म्हणतात?