पित्त, आंबट पाणी आणि तोंडातून केलेली टीआयएफ : अनुभव सांगा

मृण्मयी_ठाणे
रंगकामासाठी पलंग सरकवला, तर डोक्याकडच्या पायांखालच्या विटा निघाल्या. सगळं आठवलं. यांच्या घशाशी रात्री आंबट पाणी यायचं, खोकत उठून बसायचे. पॅन्टोप्रॅझोल (ॲसिड कमी करणारी गोळी) बंद केली की पुन्हा जळजळ. शेवटी टीआयएफ (छेद न देता तोंडातून झडप घट्ट करण्याची शस्त्रक्रिया) केली. पूर्ण भूल देऊन तोंडातूनच दुर्बीण घालतात, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती ओढून आतून टाचतात, अन्ननलिका आणि जठराच्या मधली सैल झडप घट्ट होते. पोटावर एकही छेद नाही. आता गोळी क्वचितच लागते. कोणी असलं काही केलंय का? लिहा ना, आमच्या वेळी विचारायला कोणी नव्हतं.

सांगलीची_काकू
टीआयएफनंतरचे पेजेचे दिवस गं! आधी नुसतं पातळ, मग मऊ भात. भाकरी बंद म्हटल्यावर आमचे हे रुसलेच. जड उचलायचं नाही, म्हणून सिलिंडरही मीच सरकवायचे.

निखिल_के
मला डॉक्टर टीआयएफला नाही म्हणाले. हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत वर सरकणं) 2 सेंमीच्या वर, नुसत्या टीआयएफने भागत नाही. मग दुर्बिणीने पोटातून निसेन (जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण गुंडाळायची शस्त्रक्रिया) केलं. जळजळ गेली, पण ढेकर येत नाही, पोट फुगतं. हे आधी विचारून घ्या.

डॉ_अश्विनी
आधी 24 तासांची पीएच तपासणी (अन्ननलिकेत ॲसिड किती येतं ते मोजणारी) आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेचा दाब मोजणारी तपासणी). बऱ्याच जणांची जळजळ ॲसिडची नसतेच, त्यांना टाके घालून काय उपयोग? हैदराबादच्या एआयजी रुग्णालयात जर्ड-एक्स या तोंडातून घालायच्या उपकरणाने टाके घालून अभ्यास झाला, 2021 मध्ये छापून आला. 70 रुग्ण, निम्म्यांवर फक्त दुर्बीण फिरवली. 3 महिन्यांनी टाके घातलेल्यांपैकी 65.7 टक्के लोकांचा त्रास निम्म्याने तरी कमी, दुसऱ्या गटात 2.9 टक्के. म्हणजे गुण येतो, पण सगळ्यांना नाही. आणि छातीत दुखलं तर पित्त म्हणून घरी थांबू नका, आधी ईसीजी.

रोहिणी_ज
ती पीएचची नळी!! नाकातून बाहेर, गालाला चिकटपट्टी, कमरेला डबी. तशीच बसने ऑफिसला गेले. जेवलं, आडवं झालं, जळजळलं की बटण दाबायचं. शेजारच्या मावशींनी उठून खिडकीची जागा दिली 😄

समीर_नाशिक
मेडिक्लेमवाल्यांनी "एंडोस्कोपी म्हणजे तपासणी" म्हणून क्लेम फेटाळला होता. डॉक्टरांकडून पूर्ण भूल, टाके, ॲडमिट असं सगळं पत्रावर घेतलं तेव्हा पैसे मिळाले. पत्र आधीच घ्या.

मृण्मयी_ठाणे
समीरदादा, हे फार कामाचं. निखिल, फुगण्यावर काय करतोस?

निखिल_के
थोडं थोडं खातो, सोडा बंद. आणि जेवणानंतर शतपावली, आईच्या धाकाने.

सांगलीची_काकू
रोहिणी, तू वरणफळं टाकली होतीस ना मागे? यांना तिखट चालत नाही, बिनमिरचीची कशी करू?

रोहिणी_ज
काकू, आमसूल पण घालू नका. जिरं, हिंग, ओलं खोबरं, वरून तूप. फळं पातळ लाटा, नीट शिजतात. फोटो रात्री टाकते, आत्ता कुकर लावलाय.