लोलकाच्या लॅबमध्ये उत्तर सांगून टाकावं का?

प्रश्न:
ऑगस्टपासून अमेरिकेत पीएचडी करतेय, पहिल्या वर्षाच्या फिजिक्स लॅबची टीए (शिकवण्यात मदत करणारी सहायक) आहे. आठवड्याला २० तास. त्यातले निम्मे रिपोर्ट तपासण्यातच जातात. परवा एका गटाचं g (गुरुत्वत्वरण) ९.८ ऐवजी ८.५ आलं. लोलक चक्क ६० अंशांवरून सोडला होता! गटातली एक मुलगी रडवेली झालेली, दहाच मिनिटं उरलेली. मी सांगून टाकलं. तेव्हापासून चुटपुट लागलीये. तुम्ही काय करता?

उत्तर १:
मी "किती अंशांवरून सोडलास?" एवढंच विचारतो आणि गप्प उभा राहतो. ते गप्प राहणंच अवघड असतं. मग १० अंशांवरून पुन्हा मोजायला लावतो. ६० अंशांना आवर्तकाल (एका पूर्ण झोक्याचा वेळ) सुमारे ७ टक्के वाढतो, g काढताना त्याचा वर्ग येतो, म्हणून ८.५. म्हणजे तिची मोजणी अगदी बरोबर होती! हे तिला आवर्जून सांग. सूत्रच लहान कोनासाठी आहे.

उत्तर २:
दहा मिनिटांत दुसरं काय करणार होतीस? रिपोर्टमध्ये कारण लिहायला लाव आणि त्याला गुण दे.

प्रश्नकर्ती:
मोजणी बरोबर होती, हे मी तिला म्हणालेच नाही. उद्या ऑफिस अवरला बोलावलंय. दोरा आणि गोळा टेबलावर काढून ठेवलाय.