स्वतंत्र ट्रेडरने राहावे कुठे: मुंबईत की तालुक्याच्या गावी?

कृष्णाकाठ
स्वतःच्या भांडवलावर सौदे करून पोट भरू पाहणाऱ्याने मुंबईत राहण्याचे आता काहीच कारण उरलेले नाही, असे माझे ठाम मत आहे. 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाने जोडलेल्या संगणकांवर शेअरचे व्यवहार सुरू केले, पुढच्याच वर्षी मुंबई शेअर बाजारानेही बोल्ट ही संगणकावरच्या सौद्यांची प्रणाली आणून रिंगणातली आरडाओरड इतिहासजमा केली, आणि 2000 मध्ये इंटरनेटवरून सौदे करण्यास मान्यता मिळाली, तेव्हाच दलाल स्ट्रीटच्या पत्त्याचे मोल संपले. मी कराडला राहतो, घर वडिलोपार्जित आहे. पंधरा लाखांच्या भांडवलावर महिन्याला साठ हजारांचा घरखर्च काढायचा, तर दरमहा चार टक्के मिळालेच पाहिजेत. तोच खर्च वीस हजारांचा असेल, तर दीड टक्क्याच्या आत भागते. मुंबईत राहणाऱ्याला घरभाड्याची तारीख जवळ आली की नको तो सौदा करावा लागतो. माझ्यावर ती वेळ येत नाही.

जुना जॉबर
हिशेब बरोबर आहे, पण ट्रेडर तयार कसा होतो, हा निम्मा प्रश्न आपण वगळला आहे. बोल्ट येण्यापूर्वी मी एका दलालाकडे कारकून म्हणून लागलो आणि पुढे रिंगणात जॉबिंग करू लागलो. एखाद्या शेअरचा घेण्याचा आणि देण्याचा असे दोन्ही भाव एका दमात बोलायचे, मधल्या फरकावर कमवायचे, प्रत्येक सौदा उभ्या उभ्या वहीत टिपायचा आणि संध्याकाळी समोरच्याच्या वहीशी तो जुळवायचा, हे आमचे शिक्षण होते. पैसा शेठचा असे, त्यामुळे मर्यादाही त्यांचीच. दुपारी त्यांनी वही उघडली आणि एकाच शेअरमध्ये माल जास्त अडकलेला दिसला, की भाव न बघता तो तिथल्या तिथे कापायला लावत. चांगला जॉबर स्वतःच्या पैशावर उभा राही तो ही कापाकापी अंगवळणी पडल्यानंतरच. कराडच्या खोलीत एकट्याने सुरुवात करणाऱ्याची वही कोण उघडतो?

हिशेबनीस
आकडेवारी नजरेसमोर असू द्यावी. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स या शेअरच्या भावावर बेतलेल्या मुदतीच्या करारांमधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांवर गेला होता. अशा एकूण वैयक्तिक ट्रेडरपैकी 72 टक्के पहिली तीस मोठी शहरे सोडून उरलेल्या भारतात राहतात, आणि तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात 31 वरून 43 टक्क्यांवर गेले. म्हणजे ट्रेडर छोट्या गावांत राहतो हे कृष्णाकाठ यांचे म्हणणे खरेच आहे. त्याचे तिथे भागते, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

ही मंडळी आत कशी आली, तेही पाहावे. 2023 मध्ये निफ्टी निर्देशांकाच्या ऑप्शनचा लॉट, म्हणजे एका सौद्यातले किमान नग, 50 चा होता. एक्स्पायरीच्या, म्हणजे कराराची मुदत संपण्याच्या दिवशी दुपारी दहा रुपयांचा ऑप्शन पाचशे रुपयांत मिळत असे, आणि साडेतीनच्या आत त्याचे पंधराशे होत किंवा शून्य, बहुतेक वेळा शून्यच. तोच ऑप्शन विकायचा झाल्यास लाखभराच्या आसपास मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, लागे. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याच्यासाठी नेमकी खरेदीची बाजूच उघडी होती. नोव्हेंबर 2024 पासून कराराचे किमान मूल्य पंधरा लाखांवर नेण्यात आले, ते अशांना आवरण्यासाठीच.

कृष्णाकाठ
तोट्याचे हे प्रमाण देशभराचे आहे, त्याचे खापर गावावर फोडण्याचे कारण नाही. मुंबईचा पत्ता असलेले ट्रेडर नफ्यात आहेत, असे आपल्या आकड्यांत कुठेही दिसत नाही.

रॅकभाडे
पत्त्याचे मोल संपले, हे विधान मला मान्य नाही. ते माणसाच्या पत्त्याकडून यंत्राच्या पत्त्याकडे गेले, इतकेच. वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजाराच्या यंत्रणेशेजारी आपला सर्व्हर ठेवण्याची सोय 2010 पासून आहे, आणि मोठ्या कंपन्या त्या जागेसाठी रक्कम मोजतात ती उगाच नव्हे. सेबीच्या त्याच अभ्यासात 2023-24 मध्ये स्वतःच्या खात्यावर सौदे करणाऱ्या कंपन्यांचा ढोबळ नफा 33 हजार कोटींचा आणि परदेशी संस्थांचा 28 हजार कोटींचा दाखवला असून त्याचा जवळजवळ सगळा भाग अल्गोरिदममधून, म्हणजे संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून, आलेला आहे. एक्स्पायरीच्या दुपारी कराडहून मोबाइलवर बटण दाबणाऱ्याच्या समोर हे लोक बसलेले असतात. दिवसाच्या भावावर आठवडाभराचा सौदा करणाऱ्याला याने फारसे बिघडत नाही, हेही मान्य.

देरा दुबईकर
इकडे येण्याचा बेत कोणी आखत असेल, तर एक सूचना. दुबईत व्यक्तीला आयकर नाही म्हणून ट्रेडर इथे राहतात, हे खरे. परंतु अनिवासी झाल्यावर भारतात शेअरचा इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचा, सौदा करता येत नाही, डिलिव्हरीच घ्यावी लागते, म्हणजे शेअर खात्यावर जमा करून घ्यावे लागतात. शिवाय इथून समाजमाध्यमांवर झळकणाऱ्या अनेकांची कमाई सौद्यांपेक्षा शिकवणीतून होते. ते ज्या परदेशी चलन-मंचांवर खाते उघडायला सांगतात, त्यांतल्या बऱ्याच मंचांची नावे रिझर्व्ह बँकेच्या सावधगिरीच्या यादीत आहेत आणि भारतात राहणाऱ्याने तिथे पैसे लावणे हा फेमा या परकी चलन कायद्याचा भंग ठरतो.

बार्शीची सून
जॉबरकाकांबद्दल आदर ठेवून विचारते: त्या रिंगणात मला कोणी उभे केले असते का? तिथे शिरकाव होण्यासाठी शेठ ओळखीचा लागे, तोही बहुधा नात्यातला किंवा समाजातला, आणि माणूस पुरुषच असावा लागे. मी 2020 च्या टाळेबंदीत आधार आणि पॅनच्या जोरावर घरबसल्या डिमॅट उघडले. दुपारी शिवणाची कामे, रात्री दिवसभराचे भाव पाहणे आणि सकाळी साडेनऊच्या आत ऑर्डर लावणे, असा माझा क्रम आहे. आपल्या काळचे शिक्षण उत्तम असेलही. ते मोजक्या घरांपुरतेच होते.

जुना जॉबर
ताईंचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. माझीही वर्णी मामांच्या ओळखीनेच लागली होती. तरीही प्रश्न राहतोच: भाव अंगावर आला, की तुमची पोझिशन, म्हणजे हातातला माल, कापतो कोण?

बार्शीची सून
फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग मी खात्यावर बंदच करवून घेतला आहे, त्यामुळे उसन्या मार्जिनवरची पोझिशन मुळी उभीच राहत नाही. डिलिव्हरीत घेतलेला शेअर कितीपर्यंत खाली आला की विकायचा, ती किंमत खरेदीच्या दिवशीच जीटीटीत, म्हणजे भाव तिथे आला की आपोआप सुटणाऱ्या ऑर्डरीत, टाकून ठेवते आणि ती खाली सरकवायची नाही, हा नियम पाळते. एखादा शेअर सकाळी आदल्या दिवशीच्या भावापासून मोठी गॅप घेऊन खाली उघडला, तर मात्र ठरवलेल्या किमतीला विक्री होत नाही आणि जास्तीचा तोटा सोसावा लागतो. त्यावर रिंगणात काही उपाय होता का, हे काकांनी अवश्य सांगावे.

जुना जॉबर
नव्हता. आम्ही रात्रीसाठी माल शक्यतो ठेवतच नसू.