मदत हवी आहे: फीड वॉटर व्हॉल्व्ह हंटिंग करतोय (एका जागी न थांबता झुलतोय), पोझिशनर (सिग्नलप्रमाणे हवा देऊन व्हॉल्व्ह जागेवर आणणारं उपकरण) बदलू का?

साखर कारखान्याचा को-जन (वाफेसोबत वीजही बनवणारा) बॉयलर, 67 किलो प्रेशर. ड्रम लेव्हलचा (बॉयलर ड्रममधली पाण्याची पातळी राखणारा) कंट्रोल व्हॉल्व्ह 80 मिमी ग्लोब, स्ट्रोक 40 मिमी, स्प्रिंग-डायफ्रॅम ॲक्च्युएटर (रेंज 0.8 ते 2.4 किलो), डिजिटल पोझिशनर, 4-20 मिलिॲम्प. ऑफ सीझनला ग्लँड पॅकिंग (स्टेमभोवतीचं, गळती थांबवणारं) नवीन भरलं. आता ऑटोवर टाकला की 45 ते 52 टक्क्यांत झुलत राहतो, एक फेरा साधारण दोन मिनिटांचा. एअर 2.8 किलोवर सेट आहे. ऑटो कॅलिब्रेशन बिनतक्रार होतं. नवीन पोझिशनर मागवायचा का?

वाफारा: थांबा, इतक्यात मागवू नका. आधी दोष लूपचा (कंट्रोलरच्या बाजूचा) की व्हॉल्व्हचा ते वेगळं करा. लोड स्थिर असताना कंट्रोलर मॅन्युअलला घ्या, 12 मिलिॲम्प धरून ठेवा आणि स्टेमकडे (व्हॉल्व्हच्या दांड्याकडे) बघा. पॅनेलवर लेव्हलवर लक्ष ठेवणारा आणि बायपासपाशी एक माणूस हवाच, नाहीतर हा प्रयोग करू नका.

सिग्नल स्थिर असूनही स्टेम हलत असेल तर दोष पोझिशनरकडचा: गेन (प्रतिसादाची तीव्रता) जास्त, फीडबॅक लिव्हरची (स्टेमची जागा पोझिशनरला कळवणाऱ्या दांडीची) पिन सैल, ट्यूबिंगला गळती (साबणाचं पाणी लावून बघा), किंवा व्हॉल्यूम बूस्टर (ॲक्च्युएटरला जास्त हवा पुरवणारा) असेल तर त्याचा बायपास स्क्रू जास्त बंद. स्टेम गप्प राहिला तर पुढची चाचणी: मॅग्नेटिक बेसवर डायल गेज लावा आणि सिग्नल 0.08 ने वाढवत न्या. 0.16 मिलिॲम्प म्हणजे 1 टक्का, तुमच्याकडे 0.4 मिमी. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही.

पान्हा-पक्कड: लिव्हर 50 टक्क्यांना स्टेमशी काटकोनात आहे का? आणि पिनची स्प्रिंग क्लिप जागेवर आहे ना? पॅकिंग काढताना ती हमखास हरवते.

धागाकर्ता: क्लिप आहे, लिव्हरही काटकोनात. 12 ला स्टेम एकदम गप्प. 12.08 पासून वाढवत गेलो तर 12.48 पर्यंत काटा हललाच नाही, आउटपुट गेज मात्र बदलत होता. मग एकदम 1.6 मिमी उडी.

वाफारा: मग पोझिशनर निर्दोष. तो हवा बदलतोय, स्टेम पॅकिंगमध्ये अडकलाय. 3 टक्के सिग्नलला हालचाल नाही आणि सुटला की 4 टक्के, हे स्टिक्शन (घर्षणाने अडकून मग झटक्याने सुटणं). कंट्रोलरचं इंटिग्रल एरर (लेव्हलमधला फरक) साठवत राहतं, व्हॉल्व्ह सुटतो, लेव्हल पलीकडे जाते, मग तेच उलट्या दिशेने. ऑटो कॅलिब्रेशन पूर्ण स्ट्रोक मारतं, म्हणून त्यात हे पकडलं जात नाही. रीसेट टाइम (इंटिग्रलचा वेग ठरवणारी सेटिंग) वाढवलात तर फेरा फक्त लांबेल, झुलणं थांबणार नाही. पोझिशनरचा गेन वाढवायच्या भानगडीत तर पडूच नका, उडी वाढेल.

पॅकिंग कोणतं भरलंय? ग्लँडच्या पाण्याचं तापमान किती?

धागाकर्ता: ग्रॅफाइट. पाणी डिॲरेटरमधून (पाण्यातली विरघळलेली हवा काढणाऱ्या टाकीतून) थेट, 105 डिग्री. सुरुवातीला थेंब पडत होता म्हणून फिटरने ग्लँड आवळला.

वाफारा: तिथेच सापडलं. 105 डिग्रीला ग्रॅफाइटची गरज नाही. टेफ्लॉनचे व्ही-रिंग साधारण 230 डिग्रीपर्यंत चालतात आणि घर्षण कितीतरी कमी (प्रेशर रेटिंग व्हॉल्व्हच्या डेटाशीटवरून पक्कं करा). पुढच्या क्लीनिंगला तेच भरा, स्टेमवर उभे ओरखडे असतील तर स्टेमही बदला, नाहीतर नवीन पॅकिंग महिन्याभरात गळेल.

तोपर्यंत: बायपासवर घेऊन दोन्ही आयसोलेशन बंद करा, प्रेशर ड्रेन करून शून्य झाल्याची खात्री करा, मगच ग्लँडला हात लावा. चालू लाइनवर नट सैल करणं म्हणजे गरम पाणी थेट अंगावर. दोन्ही नट सैल करून पूर्ण स्ट्रोक दहा-वीस वेळा मारा, मग पाव-पाव फेऱ्याने आळीपाळीने आवळा. एका बाजूला जास्त आवळला तर फॉलोअर (पॅकिंग दाबणारा भाग) तिरका बसून स्टेम घासतो. लाइन चार्ज केल्यावर थेंब दिसला तर दर वेळी पुन्हा आयसोलेट करूनच पाव फेरा.

पान्हा-पक्कड: ग्लँड सैल केल्यावर पोझिशनरचं ऑटो ट्यून पुन्हा चालवा. आधीचं घट्ट ग्लँडवर झालंय, त्याचा गेन आता जास्त पडेल. आणि डायल गेज लगेच काढू नका, 1 टक्क्याच्या आत स्टेम हलायला लागला की मगच ऑटोवर टाका.