परदेशात चांगलं मेक्सिकन: कुठे खाता, घरी कसं करता?

परदेशातल्या बहुतेक मराठी घरांत मेक्सिकनला पक्की जागा मिळालेली आहे. राजमा, भात, मका, मिरची, लिंबू, कोथिंबीर, सगळं ओळखीचं, आणि शाकाहारी माणसाचीही सोय. पण बरेच जण बरिटो बोल आणि पाकिटातल्या कडक टाको शेलपाशीच थांबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मका, घेवडा आणि मिरची यांच्या जोरावर हजारो वर्षं उभं राहिलेलं हे जेवण आहे. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते उगाच नाही. माझं ठाम मत असं की चांगलं मेक्सिकन हवं असेल तर मेक्सिकन माणसं स्वतः जिथे बाजारहाट करतात तिथे जावं, आणि घरी करायचं असेल तर सुरुवात टॉर्टियापासून, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीपासून करावी. तुमच्या गावात काय मिळतं, तुम्ही काय विचारून घेता, घरी काय जमतं, सगळं सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

एडिसन, न्यू जर्सी

आमच्या जवळच न्यू ब्रन्सविक आहे. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेली खूप कुटुंबं तिथे राहतात. फ्रेंच स्ट्रीटवर गेलात तर त्लायुदा मागवा. मोठ्या ताटाएवढी पातळ, कडक भाजलेली मक्याची पोळी, तिच्यावर काळ्या घेवड्याचं वाटण, दोऱ्यासारखं सुटणारं वाहाकाचं चीज, कोबी, अॅव्होकॅडो. पोळीला आधी डुकराच्या चरबीचा हात फिरवतात, त्याला आसिएंतो म्हणतात. शाकाहारी असाल तर ‘सिन आसिएंतो, सिन कार्ने’ (चरबी नको, मांस नको) असं सांगायचं. घेवड्यात चरबी आहे का तेही विचारायचं. काउंटरवरच्या मावशी न कंटाळता उत्तर देतात, नसेल जमत तर तसं स्पष्ट सांगतात. एवढ्या मोकळेपणाने कुठल्याच साखळी हॉटेलात सांगत नाहीत.

शिकागो

मी हॉटेलांबद्दल लिहीत नाही, किराणा दुकानांबद्दल लिहितो. लिटल व्हिलेजमध्ये २६व्या रस्त्यावरची कमान ओलांडली की पाट्या, गाणी, भाजीपाला, सगळं मेक्सिकन. तिथल्या एका दुकानात ‘बेर्दोलागास’ लिहिलेल्या खोक्यात हिरव्यागार जुड्या होत्या. मी एक जुडी उचलली, देठ मोडून पाहिलं, तर चक्क घोळ! अमेरिकेत आल्यापासून डोळ्यांना दिसली नव्हती. शेजारी भोपळ्याची फुलं, काटे काढलेले निवडुंगाचे फडे, कागदी आवरणातले हिरवे टोमॅटियो (आपल्या रसभरीचे भाऊबंद), सरबतासाठी अंबाडीच्या जातीची वाळलेली लाल बोंडं, चिंच, सुळक्याच्या आकाराचा गूळ. गल्ल्यापाशी राजगिऱ्याच्या वड्या. राजगिरा मूळचा तिकडचाच, आणि उपास नसतानाही लोक तो आवडीने खातात.

घोळ तिकडे डुकराच्या मांसाबरोबर हिरव्या रश्शात शिजवतात. मी तोच रस्सा करून त्यात उकडलेले बटाटे आणि घोळ घालतो. टोमॅटियो, सेरानो मिरच्या, कांदा आणि सालासकट लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचं. लसूण सोलून सगळं कोथिंबिरीच्या देठांबरोबर वाटायचं. मग पातेल्यात तेल चांगलं तापवून वाटण एकदम ओतायचं. चर्र झालं पाहिजे, अंगावर थोडं उडणार याची तयारी ठेवा. पोपटी रंग जाऊन गडद होईपर्यंत परतायचं आणि मगच पाणी. ही परतण्याची पायरी गाळली तर रस्सा कच्चा आणि नुसताच आंबट लागतो. घोळ अगदी शेवटी, जेमतेम मऊ होईपर्यंत.

हिवाळ्यात पहाटे रस्त्याच्या कडेला बायका तामाले (मक्याच्या पिठात सारण भरून पानात वाफवलेले) विकतात. मिरचीच्या पट्ट्या आणि चीज घातलेले मिळतात, पण पिठात बहुतेक वेळा चरबी असतेच. पक्के शाकाहारी असाल तर ते घरीच करावे.

सॅन अँटोनियो, टेक्सस

टेक्स-मेक्सला, म्हणजे टेक्ससच्या मेक्सिकन जेवणाला, इथे कोणीतरी नावं ठेवणारच, म्हणून आधीच लिहिते. ते बिघडलेलं मेक्सिकन नव्हे. १८३६ पर्यंत टेक्सस मेक्सिकोतच होतं, आणि इथल्या जुन्या तेहानो (मेक्सिकन वंशाच्या टेक्सासी) कुटुंबांची ही घरची चव आहे: जिरं, सुक्या मिरचीची दाट ग्रेव्ही, गव्हाच्या टॉर्टिया. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या चौकांत संध्याकाळी बायका मेजं मांडून चिली (मिरचीतला मांसाचा रस्सा) विकायच्या, ‘चिली क्वीन्स’ म्हणून त्यांचं नाव गाजलं होतं. गव्हाची टॉर्टियाही काही अमेरिकन शोध नाही, उत्तर मेक्सिकोत गहू पिकतो तिथे ती रोजच्या जेवणात असते. सकाळी ऑफिसला जाताना गरम टॉर्टियातला बटाटा-अंड्याचा टाको आणि वर झणझणीत साल्सा, याहून चांगली न्याहारी मला माहीत नाही. फक्त ताज्या गव्हाच्या टॉर्टियात चरबी असते का ते विचारा, आणि पाकीट घेतलंत तर मागचं वाचा.

ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिकोतल्या हॅच खोऱ्यातल्या मिरच्या येतात. दुकानाबाहेर जाळीचं पिंप गॅसच्या ज्वाळेवर फिरत असतं, आत मिरच्या तडतडतात, आणि पार्किंगच्या दुसऱ्या टोकापर्यंत वास जातो. गरम असतानाच पिशवीचं तोंड बांधून ठेवायची, वाफेने साल आपोआप सुटतं. सोलून छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाकल्या की हिवाळाभर एन्चिलाडाची सोय. थोड्या मात्र लसूण, मीठ आणि दाण्याचं कूट घालून तव्यावरच रगडाव्यात. भाकरीबरोबर तो ठेचा आमच्याकडे लगेच संपतो.

म्युनिक

इथे मेक्सिकन हॉटेल म्हणजे बहुधा कॉकटेल आणि वितळलेलं चीज. त्यामुळे सगळं घरी. मासा हरिना (टॉर्टियाचं मक्याचं पीठ) आणि सुक्या मिरच्या ऑनलाइन मागवते.

टॉर्टियाचं माझं प्रमाण: २५० ग्रॅम पिठाला साधारण ३५० मिली कोमट पाणी, चिमूटभर मीठ. मळून ओल्या फडक्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, पीठ पाणी पिऊन घेतं. गोळा थालिपिठाच्या पिठाइतका मऊ हवा. लहान गोळी दाबून बघा, कडा फाटल्या तर पाण्याचा हात लावा. प्लास्टिकची जाड पिशवी दोन बाजूंनी कापून तिच्यामध्ये गोळा ठेवायचा आणि प्रेसने दाबायचा. प्रेस नसेल तर जड सपाट पातेल्याने. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू अर्ध्या मिनिटाच्या आत सुटते, लगेच उलटायची. दुसरी बाजू मिनिटभर. परत उलटून मधोमध बोटांनी हलकं दाबलं की फुगते. फुगली की कापडात गुंडाळायची, आणि सगळ्या होईपर्यंत कापड उघडायचं नाही. त्या वाफेतच त्या खऱ्या मऊ होतात, तव्यावरून थेट ताटात आलेली टॉर्टिया कोरडीच लागते.

ग्वाहियो मिरच्या संपल्या की आईने दिलेली ब्याडगी वापरते. बिया काढून तव्यावर क्षणभर, करपली तर कडू होते. मग गरम पाण्यात भिजवून लसूण-टोमॅटोबरोबर वाटायची आणि गाळून घ्यायची. ब्याडगीने रंग सुरेख येतो. पण आंचो मिरचीचा गोडसरपणा तिच्यात नाही, म्हणून वाटताना चार मनुका टाकते.

लीड्स, इंग्लंड

छान माहिती. मासा हरिनाऐवजी आपल्या भारतीय दुकानातलं मक्याचं पीठ चालेल का? ते इथे सहज मिळतं.

म्युनिक

@लीड्स: नाही चालत हो. मासासाठी वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवतात, सालं धुऊन काढतात आणि मग दळतात. चुन्यामुळे दाण्याचा पोत बदलतो, म्हणून पीठ चिकटून येतं आणि पातळ थापता येतं. तो टॉर्टियाचा खास वासही चुन्यामुळेच. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व या प्रक्रियेमुळेच अंगी लागतं. मका युरोपात आला पण ही रीत आली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार झाला. मेक्सिकोच्या बायकांनी हे काम हजारो वर्षांपूर्वी बसवलं, मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. घरी करायचं असेल तर एक किलो वाळलेल्या पांढऱ्या मक्याला दहा ग्रॅम खाण्याचा चुना पुरतो. स्वीट कॉर्न किंवा पॉपकॉर्नचा मका नको. ॲल्युमिनियमचं पातेलंही नको, स्टीलचं घ्या.

ग्वादालाहारा, मेक्सिको

नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे आम्ही मेक्सिकोतच आलो. दोघंही शाकाहारी, त्यामुळे निघताना घरच्यांनी फार काळजी केली होती. इथे ‘कार्ने नको’ एवढंच सांगून भागत नाही. चिकन आणि हॅम पुष्कळांच्या हिशोबात ‘कार्ने’त येतच नाही. लाल भात बहुधा चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो. म्हणून मी सरळ यादीच म्हणते: ‘नी पोयो, नी हामोन, नी काल्दो दे पोयो, नी मान्तेका’ (चिकन नको, हॅम नको, चिकनचं पाणी नको, चरबी नको). खानावळीतली माणसं थोडं नवल करतात, पण मग आत जाऊन स्वतः विचारून येतात. भोपळ्याच्या फुलांचा केसादिया, पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या क्रीममध्ये, घेवड्याच्या दाट रश्शात बुडवलेल्या टॉर्टिया, कणसावर वाढणारी काळी बुरशी म्हणजे वित्लाकोचे. शेवटचं नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, कांदा आणि मिरचीवर परतलेलं फार चविष्ट लागतं.

शाकाहाऱ्यांना खरी पर्वणी म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, साधारण फेब्रुवारी-मार्चपासून. शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, त्यामुळे खानावळींत बटाट्याच्या टिक्क्या, मसुराचं सूप, चीज भरलेल्या मिरच्या निघतात. मासे आणि कोळंबीही असतात, तेवढं सांभाळा. याच दिवसांत कापिरोतादा होतो: पाव, गुळाचा दालचिनी घातलेला पाक, दाणे, मनुका आणि वर चीज. गोडात चीज ऐकून मी आधी साशंक होते, आता शेजारच्या सेन्योरा आठवणीने माझी वाटी बाजूला ठेवतात.

मेक्सिको सिटी

ग्वादालाहाराच्या ताईंना दुजोरा. त्यात एक भर घालतो: त्लाकोयो. निळ्या मक्याच्या पिठाचा लांबट गोळा, आत घेवडा किंवा बाकल्याचं वाटण, कोरड्या तव्यावर भाजून वर चिरलेला निवडुंग, कांदा, साल्सा. तेलाचा थेंब लागत नाही. बाजाराच्या दाराशी बसलेल्या बायकांकडे घ्या, पण आतलं वाटण चरबीत परतलंय का ते विचारून.

आणि मक्याचा विषय निघालाच आहे तर पांडुरंग खानखोजे यांचं नाव इथे यायलाच हवं. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या गदर पक्षाचा हा वर्ध्याचा क्रांतिकारक १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचला, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागला, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर काढलेल्या एका चित्रात ते जेवणाच्या मेजाशी बसलेले आहेत. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. इथे कोणी मराठी पाहुणा आला की मी त्याला आधी त्या चित्रासमोर नेतो आणि मग जेवायला.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

थोडक्यात लिहिते. मेक्सिकन दुकानात मोले या दाट रश्शाची तयार पेस्ट वजनावर मिळते. सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, मनुका, थोडं चॉकलेट, सगळं भाजून वाटलेलं. घरी केलं तर दिवस जातो, त्यामुळे विकत घेण्यात काही कमीपणा नाही. हॉटेलात ती चिकनच्या पाण्यात सारखी करतात, घरी टोमॅटोचं पाणी किंवा भाज्यांचा स्टॉक वापरा. मंद आचेवर ढवळत राहा, बुडाला फार पटकन लागते. भाजलेल्या फ्लॉवर आणि रताळ्यावर घाला, वर भाजलेले तीळ, बाजूला साधा भात. पेस्टमध्ये ब्रेडचा चुरा किंवा बिस्किटं असू शकतात, म्हणून घरात कोणाला गहू चालत नसेल तर दुकानात आधी विचारून घ्या.