दिलेली सर्व अक्षरे असणारे इंग्रजी शब्द कसे शोधावेत?

फळा_खडू:
मी सातवी-आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. दर आठवड्याला फळ्यावर काही अक्षरे लिहून द्यायची आणि ती सर्व ज्यांत आहेत असे शब्द मुलांनी शोधून आणायचे, असा उपक्रम सुरू करण्याचा विचार आहे. क्रम कोणताही चालेल आणि इतर अक्षरे आली तरी हरकत नाही. उत्तरांची यादी आधी हाताशी असावी म्हणून एल, आय, एस, टी, ई, एन ही अक्षरे मी एका संकेतस्थळावर भरली. तेथे लिसन, सायलेंट, टिन्सल, टाइल, नेस्ट असे शब्द मिळाले. मात्र ज्यांत ही सहाही अक्षरे आहेत ते लिसनर, एसेन्शियल, स्टेनलेस हे शब्द आलेच नाहीत. असे का होते? मला प्रोग्रॅमिंग येत नाही, स्प्रेडशीट मात्र बऱ्यापैकी येते.

बाराखडी:
ते संकेतस्थळ बहुधा स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवण्याचा खेळ, खेळणाऱ्यांसाठी आहे. त्या खेळात हातात असलेल्या सोंगट्यांपलीकडचे अक्षर वापरता येत नाही, म्हणून तेथील शोध 'केवळ याच अक्षरांतून काय बनते' एवढेच पाहतो; त्यात टाइलसारखा चार अक्षरी शब्द बसतो आणि लिसनर बसत नाही, कारण त्यात एक जादा ई आणि आर आहे. आपला प्रश्न नेमका उलटा आहे: दिलेली अक्षरे शब्दात असलीच पाहिजेत, बाकी काहीही असो. सहाही अक्षरे वापरून केवळ फेरजुळणी करणे, म्हणजे लिसनचे सायलेंट किंवा एनलिस्ट करणे, हा तिसराच प्रकार झाला. अशा संकेतस्थळांवर अनेकदा 'ही अक्षरे असलेले' असा वेगळा पर्याय असतो, तो आधी शोधून पाहावा.

कोष्टक:
स्प्रेडशीट येत असेल तर संकेतस्थळाची गरजच नाही. इंग्रजी शब्दांची एखादी मुक्त यादी, उदाहरणार्थ सुमारे १,७३,००० शब्दांची 'एनेबल', उतरवून घ्यावी आणि गूगल शीट्सच्या पहिल्या स्तंभात एका ओळीत एक शब्द अशी भरावी. त्यानंतर 'फिल्टर' या सूत्रात प्रत्येक अक्षरासाठी 'रेजेक्समॅच'ची (शब्दात दिलेला नमुना आहे का हे तपासणाऱ्या सूत्राची) एक स्वतंत्र अट द्यावी. फिल्टरला दिलेल्या सर्व अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात, त्यामुळे सहा अटी दिल्या की सहाही अक्षरे असलेलेच शब्द उरतात आणि क्रमाचा प्रश्न आपोआप सुटतो. 'लेन' वापरून लांबीची अटही जोडता येते. मुलांसाठी नऊ-दहा अक्षरांची मर्यादा ठेवावी, नाहीतर वैद्यकातील लांबलचक शब्दांनी पान भरून जाईल. एकाच अटीत सर्व अक्षरे तपासणारी 'लुकअहेड'ची युक्ती अनेक जण सुचवतील, परंतु गूगल शीट्समध्ये ती चालत नाही. 'रेजेक्समॅच' लहान आणि मोठी लिपी वेगळी मानते, म्हणून शब्द आणि शोधाची अक्षरे दोन्ही लहान लिपीत असू द्यावीत.

लिनक्स किंवा मॅक असेल तर हेच काम 'ग्रेप' या शोधाच्या आज्ञेने होते: एका अक्षराच्या गाळणीतून उरलेले शब्द पुढच्या अक्षराच्या गाळणीत सोडायचे. मात्र मॅकमधील तयार यादी १९३४ च्या वेबस्टर कोशावर आधारलेली आहे. तिच्यात सुमारे २,३५,००० शब्द आहेत, तरीही अनेकवचने आणि भूतकाळी रूपे बहुतांशी नाहीत, शिवाय कालबाह्य शब्दांचा भरणा आहे. शाळेसाठी मी ती वापरणार नाही.

जुना_खेळाडू:
तंत्राइतकाच अक्षरांच्या निवडीचाही विचार करावा. आपण घेतलेली सहाही अक्षरे इंग्रजीत इतकी सर्रास येतात की स्क्रॅबलमध्ये त्या प्रत्येकाला एकच गुण आहे. यादी लांबत जाणार आणि मुलांनी आणलेला प्रत्येक शब्द तपासताना आपलीच दमछाक होणार. स्क्रॅबलच्या इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांपैकी ई १२ आहेत, तर क्यू, जे, एक्स, झेड आणि के प्रत्येकी एकच. यांतील एखादे अक्षर घ्यावे. एलच्या जागी क्यू ठेवून पाहा: क्वेश्चन, इन्क्वेस्ट, अँटीक्स (जुन्या दुर्मीळ वस्तू) असे मोजके शब्द राहतात, आणि क्यूच्या मागोमाग बहुतेक वेळा यू येतो हे मुलांच्या लक्षात आले की त्यांचा शोधही सोपा होतो. संगणकाशिवाय शोधतानाही दुर्मीळ अक्षरापासूनच सुरुवात करावी.

फळा_खडू:
आपणा सर्वांचे आभार. गूगल शीट्समध्ये यादी तयार झाली. एक शंका आहे: ई दोनदा हवा असेल तर ईची अट दोनदा लिहावी का?

कोष्टक:
नाही, एकच ई दोन्ही अटी पूर्ण करील आणि निकाल बदलणार नाही. त्याऐवजी एकाच अटीत ई, बिंदू, तारका, ई असे सलग लिहावे. त्याचा अर्थ 'ई, मध्ये काहीही किंवा काहीच नाही, पुन्हा ई' असा होतो. कमिटी शब्दासारखी एम, टी आणि ई ही तिन्ही अक्षरे दोन-दोनदा हवी असतील, तर प्रत्येकासाठी अशी एक अट द्यावी.